प्रकल्प नोंदी: ‘बुडी’ (बिअर आणि रमचा ड्रॉप शॉट)

१० जून २०२४, सोमवार

पावसाळी मेन्यूसाठी आमच्या बारच्या मालकांना ड्रॉप शॉट हवाय. बिअरच्या ग्लासात रमचा छोटा ग्लास अख्खा सोडायचा, फेस उसळला की गिऱ्हाइकाने एका दमात घशाखाली उतरवायचं. ‘टेबलावर आरडाओरडा झाला पाहिजे,’ एवढीच त्यांची अट. आरडाओरडा कुठल्याही ड्रॉप शॉटला होतोच, त्यासाठी वेगळी मेहनत नको. मला काम दिसतंय ते चवीचं. आजवर जे ड्रॉप शॉट प्यायले किंवा करून दिले, त्यात ग्लास बुडाला की रमचा हिशेब लागत नाही. पहिला घोट जवळजवळ कोरी रम, जिभेला चटका बसतो. मधले घोट पाणचट. तळाशी उरतं ते कोमट, ना धड बिअर ना धड रम. दोन्ही चांगल्या वस्तू आणि दोन्ही वाया.

मला असा ड्रॉप शॉट करायचाय ज्यात शेवटच्या घोटापर्यंत रम कळेल आणि जो ढकलावा लागणार नाही. प्यायला दहा-पंधरा मिनिटं लागली तरी त्याची मजा जाता कामा नये. शिवाय त्यात अल्कोहोल नेमकं किती, हे मेन्यूवर छापता आलं पाहिजे.

रम ओल्ड मंक. यावर चर्चा नाही. सात वर्षं मुरलेली, व्हॅनिलासारखा वास, आणि पुण्यात जिला कुणाची ओळख करून द्यावी लागत नाही अशी ही एकच. मोहन मीकिन कंपनीने ती १९५४ च्या डिसेंबरात आणली; पण त्या घराण्याचं मूळ १८५५ च्या कसौलीतल्या बिअरच्या भट्टीत आहे. त्यांची लायन बिअर रमच्या कितीतरी आधीची. बिअर आणि रम एका ग्लासात आणताना हे डोक्यात असलेलं मला आवडतं.

१२ जून

आधी काय काय होऊन गेलंय ते वाचून काढलं. ग्लासात ग्लास सोडायची पद्धत जगभर आहे. अमेरिकेत व्हिस्की आणि बिअरचा बॉयलरमेकर, तोच बुडवून दिला की डेप्थ चार्ज. जर्मनी-पोलंडमध्ये यू-बूट, मेक्सिकोत टकीलाचा सुबमारीनो, कोरियात पोकतांजू. म्हणजे दारू प्रत्येकाची आपापली, कल्पना एकच. यात रम मात्र क्वचित दिसते. सगळ्यात माहितीतली म्हणजे फ्लेमिंग डॉक्टर पेपर: खाली बदामाच्या चवीची आमारेत्तो, वर कडक रमचा थर, तो पेटवायचा आणि बिअरमध्ये सोडायचा. न्यू ऑर्लिन्स आणि टेक्सास, दोन्हीकडचे बार ती आपली म्हणतात. त्यात कोलाचा थेंबही नसतो आणि तरी चव डॉक्टर पेपर नावाच्या अमेरिकन सोड्यासारखी लागते.

खरा पूर्वज सापडला तो वेगळाच. सतराव्या-अठराव्या शतकात अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींमध्ये ‘फ्लिप’ प्यायचे. मोठ्या भांड्यात बिअर, त्यात रम, काकवी किंवा साखर, आणि मग भट्टीत लाल केलेली लोखंडी सळई त्यात बुडवायची. चर्र आवाज, वर फेस, आणि साखर जळाल्याचा कडसर वास. वरून जायफळ. बिअर, रम, उसाचा गोडवा आणि बुडवण्याचा तमाशा, सगळं त्यात आहे. काकवी तर आपल्या घरातली. हा धागा पकडून जायचं.

१८ जून

बिअरची परीक्षा. प्रत्येकी २०० मिलि, आत ३० मिलि रम, काहीही न घालता.

नेहमीची बाटलीतली लागर: रम पुढे, बिअर मागे, दोघांची ओळखच होत नाही. स्ट्राँग बिअर: गोडसर, जड, आणि अल्कोहोलचा भपका दुप्पट. ही मी गणितातूनच बाद केली असती, चवीनेही झाली. आयपीए, म्हणजे हॉप्स ही कडू फुलं जास्त घातलेली बिअर: सगळ्यात वाईट. हॉप्सचा कडूपणा रमच्या लाकडी तुरटपणाला जाऊन मिळतो आणि घशात कडुनिंबाच्या काढ्यासारखा रेंगाळतो. स्टाउट: सुंदर. भाजलेल्या मॉल्टची कॉफी-चॉकलेटची चव आणि रम, जेवणानंतर घ्यावी अशी. पण पावसाळी संध्याकाळी भज्यांबरोबर नाही चालणार. थंडीसाठी राखून ठेवते.

टॅपवरची गव्हाची बिअर, जर्मन धाटणीची: हीच. या बिअरचं यीस्टच केळ्याचा आणि लवंगेचा वास तयार करतं, बाहेरून काही घातलेलं नसतं. रमच्या व्हॅनिलाशेजारी तो वास आला की जिभेवर शिकरणीची आठवण येते. बारबॅकने (काउंटरमागच्या मदतनीसाने) एक घोट घेऊन विचारलं, ‘ताई, यात केळं घातलंय का?’ निकाल लागला.

अडचण एकच. हीच बिअर सगळ्यात जास्त फेसाळते. गव्हातली प्रथिनं फेस धरून ठेवतात, आणि या बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइडही लागरपेक्षा जास्त असतो. ग्लास सोडल्यावर अर्धं पेय काउंटरवर. फेसाचं नंतर बघू.

२० जून

आज नुसतं गणित. अल्कोहोलची घनता पाण्याच्या ०.७८९ पट.

३० मिलि रम, ४२.८ टक्के: १२.८ मिलि शुद्ध अल्कोहोल, म्हणजे १० ग्रॅम. २५० मिलि बिअर, ५ टक्के: १२.५ मिलि, म्हणजे जेमतेम तेवढंच, १० ग्रॅम. एकूण २० ग्रॅम. हे एका दमात प्यायचं म्हणजे लार्ज पेग (६० मिलि) पाण्याशिवाय घशात ओतण्यासारखं झालं. तेच ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये केलं तर २६ ग्रॅम. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल जिरवतं. म्हणजे तीस सेकंदांत प्यायलेलं उतरायला दोन ते तीन तास, स्ट्राँग असेल तर अडीच ते पावणेचार. गाडी चालवणाऱ्याच्या रक्ताची कायद्याची मर्यादा १०० मिलिला ३० मिलिग्रॅम. ड्रॉप शॉट पिऊन लगेच कुणी चावी हातात घेतली तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको.

४२.८ हा आकडा कुठून आला, असं बारबॅक विचारत होता. तो ब्रिटिशांचा वारसा. त्यांच्या मोजणीत १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, त्याच्या पाऊणपट, ७५ प्रूफ, म्हणजे ४२.८. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर अजून तोच आकडा छापलेला असतो.

माझं लक्ष्य: एका ग्लासात १६ ग्रॅमच्या वर जायचं नाही. लार्ज पेगपेक्षा कमी, आणि चव मात्र त्याहून भरगच्च.

२५ जून

हा प्रकल्पातला खरा दिवस. दुपारी बार बंद असताना उजेडात, खिडकीजवळ बसून बघितलं.

गव्हाची बिअर फिकट पिवळी, धुरकट. त्यात गडद रमचा ग्लास हळूच सोडला. ग्लास तळाला टेकला, टक् असा आवाज आला, आणि मग आतली रम स्वस्थ बसलीच नाही. ग्लासच्या काठावरून तपकिरी दोऱ्यासारखी वर निघाली. दोरा जाड होत गेला, वर जाऊन फेसाखाली पसरला. बघता बघता वरचा दोन बोटं थर चहासारखा तांबूस आणि खाली पिवळी बिअर जशीच्या तशी. छोटा ग्लास जवळजवळ रिकामा: त्यात रम जाऊन बिअर भरलेली.

पहिला घोट चटका का देतो आणि पुढचे पाणचट का लागतात, ते डोळ्यांसमोर होतं. रम बिअरपेक्षा हलकी आहे. बुडवली की ती वरच येणार.

किचनमधून काटा मागवला. १०० मिलि रम: ९५ ग्रॅम. बिअर या ग्लासातून त्या ग्लासात ओतून, गॅस काढून मोजली. १०० मिलि: १०१ ग्रॅम. फरक सहा ग्रॅमचा, पण रम वर तरंगायला तेवढा पुष्कळ. ज्या ड्रॉप शॉटमध्ये लिकर (साखर घातलेली गोड दारू, आमारेत्तोसारखी) असतं ते बरे का लागतात, तेही इथे उलगडलं. साखरेमुळे लिकर जड असतं, ते तळाशी टिकून राहतं आणि ग्लास तिरका होईल तसतसं मिसळतं.

म्हणजे रमला वजन द्यायचं. आणि वजन द्यायला आपल्याकडे गूळ आहे.

२७ जून

कोल्हापुरी गुळाचा पाक. गूळ आणि पाणी समान वजनाचं, मंद आचेवर फक्त विरघळेपर्यंत, उकळी नाही. किचनमधल्या मावशींनी सांगितलं की गूळ चिरून घ्या, खडा टाकलात तर बाहेरून पाक आणि आत ढेकूळ राहतं. मलमलीतून गाळला, गाळात काड्या, मातीचे कण बऱ्यापैकी निघाले. हे गाळणं टाळता येणार नाही: बिअरमध्ये बारीक कण गेला की त्याच्याभोवती बुडबुडे धरतात आणि फेस आवरत नाही. १०० मिलि पाक: १२३ ग्रॅम.

मग कागदावर: २३ मिलि रम आणि ७ मिलि पाक. रमचे २१.९ ग्रॅम, पाकाचे ८.६. तीस मिलिचं वजन साडेतीस ग्रॅमच्या जवळ, म्हणजे १०० मिलिला १०१.५. बिअरपेक्षा किंचित जड. ६ मिलि पाक घातला तर मिश्रण बिअरपेक्षा हलकं राहतं. हा एक मिलि महत्त्वाचा आहे, तो डोळ्यांच्या अंदाजाने घालायचा नाही.

सोडून बघितलं. ग्लास तळाला टेकताना थोडी रम बाहेर उडाली, एक तपकिरी वर्तुळ झालं आणि विरलं. बाकीची आत राहिली. ग्लास तोंडाला लावून तिरका केला तशी ती थोडीथोडी बाहेर येऊन बिअरमध्ये मिसळायला लागली. पहिल्या घोटात केळं, लवंग आणि रमची चाहूल. मध्यावर गूळ. शेवटी रम. मला हव्या असलेल्या क्रमाने, आणि घाई न करता.

रात्री उशिरापर्यंत झोप आली नाही, इतका आनंद झाला.

२ जुलै

गूळच का, काकवी का नाही, असं मालकांनी विचारलं. काकवीही करून बघितली. रंग सुरेख, पण तिचा खारट-कडवट गुण रमच्या अंगावर बसतो. रमही शेवटी उसाच्या मळीचीच, त्यामुळे दोन्ही एकाच बाजूला झुकतात. साखरेचा पाक स्वच्छ लागतो, पण कुठलाच नाही. गुळात थोडा खारेपणा, थोडा धूर आणि खूप उबदारपणा असतो. तो गव्हाशी जातो. भाकरीबरोबर गूळ खाणाऱ्याला हे समजावून सांगायला लागत नाही.

कोकमाचं आगळही थेंबभर घालून बघितलं. रंग मोहक झाला, वर गुलाबी छटा. पण आंबटपणा सगळ्यांना बाजूला सारून स्वतःच बोलायला लागतो. कोकम आणि बिअर हे वेगळं पेय आहे, त्याला स्वतंत्र जागा द्यावी.

९ जुलै

फेस. चार गोष्टी समजल्या आणि चारही कामाच्या.

उंचीवरून सोडू नये. छोट्या ग्लासचं बूड बिअरला टेकवायचं आणि मग बोटं सोडायची. दोन इंच वरून सोडला तर तो आपल्यासोबत हवा आत नेतो, आणि त्या हवेच्या बुडबुड्यांत बिअरमधला सगळा गॅस धावून येतो.

फ्रीजरमध्ये गोठवलेले ग्लास दिसायला झकास, पण त्यांच्या भिंतीवर बर्फाचे बारीक कण असतात आणि प्रत्येक कण फेसाचा कारखाना. मोठा ग्लास थंड पाण्याने विसळलेला हवा, गोठवलेला नको. छोटाही तसाच. मिश्रण मात्र फ्रीजरमध्ये ठेवायचं. घरच्या फ्रीजरच्या उणे १८ अंशांत ते गोठत नाही, काकवीसारखं दाट होतं. गारठलेलं मिश्रण आणखी जड असल्याने तळाला जास्त नीट बसतं. बिअर ४ ते ५ अंशांना; जितकी गार तितका तिच्यात गॅस टिकून राहतो.

तिसरं, ग्लासची निवड. काही छोट्या ग्लासांच्या बुडाला नक्षी किंवा ओरखडे असतात, तिथून बुडबुड्यांची माळ थांबतच नाही. गुळगुळीत बूड हवं. धुण्याच्या साबणाचा अंश राहिला तर उलट फेसच मरतो आणि बिअर निस्तेज दिसते, तेही नको.

चौथं, आकारमान. आमचा छोटा ग्लास १०० ग्रॅमचा. काचेचं वजन पाण्याच्या अडीच पट, म्हणजे काच ४० मिलि जागा घेते आणि आतलं मिश्रण ३०. ग्लास बुडला की बिअरची पातळी ७० मिलिने चढणार. त्यावर फेस. २०० मिलि बिअरला ४७३ मिलिचा पिंट ग्लास हवाच, त्याहून लहान नको. बिअर ओततानाच तिचा पहिला फेस बसू द्यायचा.

एवढं केल्यावर फेस काठापर्यंत येऊन थांबतो, ओसंडत नाही. तमाशा राहतो आणि टेबल कोरडं राहतं.

१२ जुलै

मालकांचा नवा आग्रह: पेटवून देऊ. व्हिडिओ चांगला होईल.

नाही म्हणाले, आणि का ते सविस्तर सांगितलं. परदेशात यासाठी १५१ प्रूफची रम वापरायचे; अमेरिकी मोजणीत प्रूफ टक्क्यांच्या दुप्पट, म्हणजे ७५.५ टक्क्यांची. बकार्डीच्या त्या बाटलीच्या तोंडाला ज्वाला आत शिरू नये म्हणून जाळी बसवलेली असायची आणि लेबलवर इशारे. २०१६ मध्ये कंपनीने ती रम बंदच केली. आपली ४२.८ ची रम सुरक्षित आहे असंही नाही. ४० टक्के अल्कोहोलची वाफ साधारण २६ अंशांना पेट घेऊ शकते, आणि पुण्यातली पावसाळी दुपारही त्याच्या वर असते. ज्योत निळसर, बारच्या दिव्यांत दिसत नाही. पेटल्यासारखं वाटत नाही म्हणून कुणीतरी बाटलीतून आणखी ओतायला जातो, आणि ज्वाला धारेवरून बाटलीत चढते. तापलेल्या काचेवर गार बिअर, म्हणजे काच तडकणार. आणि समोर बसलेल्या माणसाचे केस, दुपट्टा, कागदी नॅपकिन.

शेवटी म्हणाले, ‘सर, फ्लिपवाल्यांसारखं जायफळ किसू. वास टेबलभर जातो.’ त्यांनी वास घेतला आणि विषय मिटला. फेसावर ताज्या जायफळाचे किसणीवरून दोन हात, बस. श्रीखंडात घालतो त्याच्या निम्मं.

१७ जुलै

आषाढी. ड्राय डे. शटर खाली. पाक संपलेला, नवीन करून ठेवला. फ्रीजमध्ये आठवडाभर चांगला राहतो, नंतर आंबूस वास यायला लागतो.

१९ जुलै

दातांचा प्रश्न. ग्लास तिरका केला की आतला छोटा ग्लास घसरत येतो आणि वरच्या दातांवर आपटतो. एका दमात पिणाऱ्याचं हे हमखास होतं. कानावर आलेल्या गोष्टींत दाताचा तुकडा पडल्याच्याही आहेत. शिवाय काचेवर काच आपटून तळाशी टवका उडाला तर तो डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळतो.

स्टीलचा छोटा ग्लास करून बघितला. फुटत नाही, पण हलका असल्याने पडताना कलंडतो आणि सगळी रम सांडते. रुंद तोंडाचे, निमुळत्या बुडाचे काचेचे ग्लासही कलंडतात. सरळ भिंतीचा, जाड बुडाचा, टफन्ड काचेचा ग्लास सरळ उतरतो. तोच घेतला.

घसरण्यावर उपाय पिण्याच्या पद्धतीतच सापडला. हे पेय तळापर्यंत ग्लास उलटा करून प्यायचंच नाही. बिअर छोट्या ग्लासच्या काठाएवढी खाली आली की वेटर लांब चिमट्याने तो उचलून देतो. त्यात तेव्हा साधारण अर्धी रम-गूळ असते, वर बिअरचा पातळ थर. ती शेवटी वेगळी, चुटकीसारखी प्यायची. सोबत कागदी लिंबाची फोड. यामुळे दात वाचतात, आणि पेयाला शेवट मिळतो. गंमत अशी की सगळ्यांना हाच भाग जास्त आवडतोय.

रोज दुकान उघडताना प्रत्येक छोट्या ग्लासच्या कडेवरून आणि बुडावरून नख फिरवायचं. नख अडकलं तर ग्लास कचऱ्यात, घासाघीस नाही. बारबॅकला हे काम दिलंय आणि तो ते मनापासून करतो.

२३ जुलै

वयाचा मुद्दा लेखी करून घेतला. राज्यात बिअर एकविसाव्या वर्षी मिळते, रम पंचविसाव्या. बावीस वर्षांच्या मुलाला मी गव्हाची बिअर देऊ शकते, पण तिच्यात २३ मिलि रम पडली की देऊ शकत नाही. म्हणून या ड्रॉप शॉटला पंचविसाचा नियम, दारात एकदा आणि ऑर्डर घेताना पुन्हा ओळखपत्र. मे महिन्यात कल्याणीनगरला बारमधून निघालेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोन तरुण जिवांचा बळी घेतला, त्यानंतर या शहरात काउंटरमागे उभं राहणाऱ्या कुणालाही हा कंटाळवाणा नियम वाटू नये.

पुढे सगळ्यांशी बोलून हे ठरलं: एका माणसाला एका वेळी एकच; दुसरा मागितला तर तासाभराने; तिसरा नाही. सोबत पाण्याचा ग्लास न मागता. ‘कोण आधी संपवतो’ अशी पैज टेबलावर लागली तर त्या टेबलाला हा ड्रॉप शॉट बंद. मालकांना हे शेवटचं पटायला वेळ लागला, पण पटलं.

२५ जुलै

शहरात पाणी शिरलंय. धरणातून विसर्ग, नदीकाठच्या सोसायट्या पाण्यात. दोन वेटर सिंहगड रोडला अडकलेले. बार बंद. किचनने जेवण बांधून पाठवलं.

३० जुलै

नाव. मालकांच्या यादीत तीन नावं होती, तिन्हींत ‘बॉम्ब’. परदेशात ही फॅशन जुनी आहे. पण १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत स्फोट झाला ते हे शहर. त्या संध्याकाळी जवळचं माणूस गमावलेलं कुणी माझ्यासमोर स्टूलवर बसलेलं असू शकतं. ते नाव माझ्या काउंटरवरून जाणार नाही. ‘बुडी’ सुचवलं. विहिरीत मारतात तशी. लगेच बसलं.

६ ऑगस्ट

नेहमीच्या काही मंडळींना बोलावून चव दिली. नियम सांगितला नाही, नुसतं पुढे ठेवलं, कोण कसं पितं ते बघायला. दोघांनी सवयीने घटाघटा सुरू केलं आणि अर्ध्यावर आपणहून थांबले, कारण चव बदलायला लागली होती. मला याहून मोठी पावती नको. एक काका, जे वर्षानुवर्षं रम आणि साधं पाणी एवढंच घेतात, त्यांनी बराच वेळ ग्लास उजेडात धरून बघितला. तळाशी तपकिरी, वर सोनेरी. म्हणाले, ‘आमच्या वेळी हे कुणी केलं असतं तर बिअरला एवढी नावं ठेवली नसती.’

एक तक्रार खरी: भज्यांच्या तिखटाबरोबर गूळ जास्त वाटतो. तिखटापुढे गोड उठून दिसतं. यावर पाक कमी करणं हा उपाय नाही, मग रम पुन्हा वर तरंगेल. म्हणून चकणा बदलला. कांदाभज्यांऐवजी भाजलेले शेंगदाणे, मिरीमीठ लावलेले, आणि तळलेले मासे मागणाऱ्याला बोंबील. कुरकुरीत बोंबील आणि बुडी यांची जोडी मला मेन्यूत ठळक हवी आहे.

अंतिम गणित: २०० मिलि बिअर, ५ टक्के, १० मिलि अल्कोहोल. २३ मिलि रम, ९.८ मिलि. एकूण १९.८ मिलि, १५.७ ग्रॅम. पाकासकट २३० मिलि पेयात साधारण ८.६ टक्के. लक्ष्याच्या आत. मेन्यूवर नावाखाली हे छापायचं: ‘यात १६ ग्रॅम अल्कोहोल आहे, लार्ज पेगमध्ये २०.’ कोस्टिंगमध्ये बारचा १० टक्के व्हॅट धरला, चिमटे आणि नवे ग्लास एका महिन्यावर पसरवले. पिंट बिअर आणि स्मॉल पेग वेगवेगळे घेतले तर जेवढे पडतात त्यापेक्षा थोडी कमीच किंमत निघाली.

१३ ऑगस्ट

मेन्यूत आली. पहिल्याच संध्याकाळी टेबलांवर आरडाओरडा झाला, मालक खूश. त्याहून मला बरं वाटलं ते एका कोपऱ्यातल्या टेबलाचं: दोन मैत्रिणी, एकेक बुडी, आणि ती संपायला जवळपास बोंबलाची अख्खी प्लेट लागली.

२० ऑगस्ट

नवा केग (बिअरचं पिंप) आला. घोट घेताच बिअर थोडी गोड, भरीव वाटली. वजन केलं: १०० मिलिला १०१.८ ग्रॅम. म्हणजे ७ मिलि पाकाचं मिश्रण हिच्यापेक्षा किंचित हलकं. सोडून बघितलं, तोच तपकिरी दोरा पुन्हा वर. २२ मिलि रम, ८ मिलि पाक केलं, बसली. काउंटरच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय: नवा केग लावला की आधी गॅस काढून १०० मिलि बिअर काट्यावर, मग पाक ठरवायचा. १०० मिलिचं वजन १०१ असेल तर ७, १०२ च्या आसपास असेल तर ८. अल्कोहोलचा आकडा ८ ला थोडा खाली येतो, मेन्यू बदलायची गरज नाही.

स्टाउटचा छोटा केग ऑक्टोबरअखेरीस मागवायला सांगितलाय. ती बहुधा आणखी जड असते, त्यामुळे पाक ८ पासून सुरू करून वर जायचं, आणि जायफळाऐवजी भाजलेल्या कॉफीची पूड बघायची.